त्याग की हेळसांड?



आपल्या घरांतील स्त्रिया डॉक्टरकडे जातात, पण बहुधा दुसऱ्या कोणाला तरी घेऊन. सासूचे ब्लडप्रेशर, नवऱ्याची शुगर, नातवाचे लसीकरण, या सगळ्यांच्या फाइली त्यांच्याच कपाटात असतात. स्वतःची फाइल मात्र नसते. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘‘मला काय झालंय फादर? सगळ्यांचं आवरलं की बघू.’’ आणि गाव तिचे कौतुक करते, किती त्यागी बाई!

हा ‘त्याग’ शब्द जरा तपासून पाहू या. त्याग म्हणजे आपले काहीतरी, दुसऱ्याच्या भल्यासाठी, जाणूनबुजून देणे. आईने आपल्या ताटातली भाकरी मुलाला दिली तर मुलाचे पोट भरते. पण तिने स्तनांच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी चुकवली, तर कोणाच्या ताटात काय पडते? काहीच नाही. उलट रोग उशिरा कळला तर सारे घरच भरडले जाते. ज्यातून कोणालाच काही मिळत नाही, त्याला त्याग कसे म्हणावे? ती हेळसांड आहे. ती हेळसांड एकट्या तिची नाही, कारण तिने स्वतःला शेवटी ठेवावे ही सोय आपण सर्वांनीच लावून घेतलेली आहे.

माणसाने स्वतःच्या शरीरावर प्रीती करावी का, असा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात घेतला आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे दिले. शरीर देवानेच घडवले आहे, ते देवाच्या सेवेसाठी वापरायचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा या आज्ञेतही माप ‘स्वतः’चेच आहे. मापच मोडके असेल तर मोजायचे कशाने?

आता आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. स्तनांच्या तपासणीत हा आकडा ०.९ टक्के. शंभरात एकही नाही! नियमितपणाची गोष्ट तर दूरच राहिली.

तपासणीचा उपयोग किती, हे आपल्या मुंबईतच दिसले आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यातील जवळजवळ निम्म्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी, एकंदर चार वेळा तपासण्यात आले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलेच, लावून पाहायचे आणि स्तन हाताने तपासायचे. या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, त्याआधीच्या वयात तसा फरक दिसला नाही. (दुसऱ्या गटाला तपासणीऐवजी केवळ माहिती दिली गेली, यावरून पुढे वाद झाला. तो स्वतंत्र नैतिक प्रश्न आहे, कधीतरी त्याविषयी लिहीन.)

पुन्हा पुन्हा का तपासायचे? गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा कित्येक वर्षे हळूहळू तयार होतो, आणि त्याआधीची अवस्था सापडली तर साध्या उपचाराने ती दूर करता येते. त्या वर्षांत दुखत काहीच नाही. ‘दुखत नाही म्हणजे रोग नाही’ हे तर्काच्या वर्गात नापास होणारे विधान आहे, पण आपल्या घरोघरी ते शिक्क्यानिशी चालते.

‘‘काही निघालं तर?’’ ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण जे आहे ते आपल्याला कळल्याने निर्माण होत नाही आणि न कळल्याने नाहीसे होत नाही. आपल्या हाती असतो तो फक्त वेळ.

भीतीपेक्षा अवघड असते ती लाज. मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ५) १२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. कोणाला कळू नये, हीच तिची धडपड. ती बरी झाल्यावर येशूला तिला मुकाट्याने जाऊ देता आले असते. पण तो थांबतो, कोण शिवले ते विचारतो, आणि ती सर्वांसमोर आपली हकीकत सांगते. त्या आजाराची तिला लाज वाटत होती, येशूला नाही. तो तिला ‘मुली’ म्हणतो.

म्हणून पुरुषांना सांगतो, हा विषय ‘बायकांचा’ म्हणून उठून जाऊ नका. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली ठरवलेले आहे. गाठ, न थांबणारा पांढरा स्राव किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर पाच वर्षे मोजत बसायचे नाही, लगेच जायचे. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, रजा टाका, सोबत जा, त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार ते आदल्या रात्रीच ठरवा. गर्भाशयमुखाची तपासणी पाळीच्या दिवसांत करत नाहीत, तेव्हा तारीख घेताना तेवढे पाहावे. बाकी काम काही मिनिटांचे आहे.