साथ कोणाची?

ग्वाल्हेरात, त्यातही जयेंद्रगंजात राहून गाण्याविषयी मत न बाळगणे कठीण. भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्या वळणाची मंडळी अजून आमच्या शेजारात आहेत. सिंथेसायझरचे नाव काढले की ती कानांवर हात ठेवतात. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते.

'हे वाद्य आपले नव्हे' हा आक्षेप तरी ग्वाल्हेरकरांनी घेऊ नये. पेटी कोठे आपली होती? पण आमच्याच भैय्या गणपतरावांनी तिच्यावर ठुमरी वाजवून दाखवली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हे कारण. बंदी सैल व्हायला सत्तरचे दशक उजाडले. गंमत अशी की, स्वर वाकवण्याची, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय सिंथेसायझरमध्ये आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची यंत्रे घेऊन भैरवी, ललत, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. तेव्हा ती तबकडी फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले रसिक थक्क झाले. मला तो ठेका सोसत नाही, हे सांगून टाकतो. पण त्या माणसाने राग मोडला, असे मी म्हणणार नाही.

'यंत्राला कष्ट नाहीत' हा दुसरा आक्षेप. मग विजेचा तंबोरा लावून रियाज करणाऱ्या गवयांचे काय करायचे?

माझी अडचण वेगळी आहे. मी एका हायस्कूलचा मुख्याध्यापक. स्नेहसंमेलनाच्या बैठकीत एका सभासदांनी हिशेब मांडला, की एक कीबोर्ड घेतला तर पेटीवाला नको आणि तबलजीही नको. बटण दाबले की दादरा, बटण दाबले की केरवा. हिशेब बिनचूक होता. परंतु सातवीतली मुलगी रंगमंचावर घाबरते, अंतऱ्याची ओळ विसरते. अशा वेळी तबलजी तिच्या तोंडाकडे पाहतो, ठेका सांभाळून धरतो, समेची जागा मानेने दाखवतो. यंत्र पुढे निघून जाते. चूक तिची ठरते, आणि चारशे माणसांसमोर ठरते. ज्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही त्याच्या वाजवण्याला साथ म्हणावे काय? रोलँडचे टीबी-३०३ हे यंत्रही एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणूनच निघाले होते. चरणजित सिंगांनी त्याला नोकर म्हणून राबवले, म्हणून मला ते मान्य. आम्ही त्याला माणसाच्या जागी बसवायला निघालो होतो.

अर्थात तबलजी कधी कधी नवशिक्यावर डोळे वटारतो. यंत्र वटारत नाही, दहा वेळा तेच निमूटपणे वाजवते. हा त्याचा गुण मी बैठकीत कबूल केला.

शेवटी कीबोर्ड घेतला. दहावीतला एक मुलगा त्यावर यमन बसवतो आहे. ठेक्याच्या बटणांवर त्याने स्वतःच कागद चिकटवला आहे. तबलजींचे मानधन अंदाजपत्रकात कायम आहे. पुढच्या वर्षी तो सभासद पुन्हा विचारणार, आणि मला पुन्हा उभे राहावे लागणार.