न दिलेला शब्द

दुसऱ्याने लिहिलेला मजकूर संगणकीय आज्ञावलीने आपोआप उचलावा, तो आपल्या संकेतस्थळावर जसाच्या तसा प्रसिद्ध करावा आणि त्याभोवतीच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे ठेवावे, हा व्यवहार आता इतका सुलभ झाला आहे की त्यात काही नैतिक प्रश्न आहे, हेच पुष्कळदा ध्यानात येत नाही. कायदा या प्रश्नाला हक्काच्या भाषेत उत्तर देतो. परंतु हक्क कोणाचा हे ठरल्यानंतरही घेणाऱ्याने नेमके काय केले, हा प्रश्न उरतो, आणि त्याचा सूक्ष्म विचार बौद्ध परंपरेतील दुसऱ्या शीलाच्या विवेचनात आढळतो. भंडारा जिल्ह्याला हा विचार परका नाही. वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडकीस आले आणि त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आढळली. या उत्खननाच्या आधीच, १९५६ मध्ये नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर जिल्ह्यातील असंख्य घरांत पंचशीलाचे पठण पुन्हा सुरू झाले.

पंचशीलातील दुसरे शील चोरीचा निषेध करते. मात्र ते ज्या कृतीपासून दूर राहण्यास सांगते तिचे नाव ‘अदिन्नादान’, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे, असे आहे. येथे कसोटी वस्तूच्या किमतीची नसून देण्याच्या कृतीची आहे. अट्ठकथांनी, म्हणजे त्रिपिटकावरील पाली भाष्यांनी, या दोषाची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातील असणे, ती तशी आहे याची जाणीव असणे, चोरीचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न होणे आणि त्या प्रयत्नाने वस्तू हलणे. आपोआप होणाऱ्या पुनःप्रकाशनाला ही अंगे लावून पाहू गेल्यास दोन ठिकाणी अडचण येते: मजकुराची प्रत घेतली तरी मूळ मजकूर लेखकाकडेच राहतो, त्यामुळे काही हलले असे म्हणता येत नाही, आणि प्रत घेणारे यंत्र असल्यामुळे चोरीचे चित्त कोणाचे, हे सांगता येत नाही.

पहिल्या अडचणीचे उत्तर विनयाच्या, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमशास्त्राच्या, भाष्यातच मिळते. तेथे चोरीचे जे प्रकार दिले आहेत त्यांत ‘कुसावहार’ नावाचा एक प्रकार आहे. संघात चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, वाटताना प्रत्येक वाट्यावर कुश गवताची काडी खूण म्हणून ठेवली जात असे. जो भिक्षू दुसऱ्याच्या वाट्यावरील काडी काढून तेथे आपली ठेवी, तो चीवराला हात न लावताही चोर ठरत असे, कारण वस्तू कोणाची हे सांगणारी खूणच त्याने बदललेली असे. मजकुराच्या बाबतीत लेखकाचे नाव ही अशी खूण आहे. नाव गाळून किंवा बदलून केलेल्या पुनःप्रकाशनात अक्षरे जागची हलत नाहीत. परंतु त्या अक्षरांमुळे लेखकाला मिळणारे श्रेय, वाचकाशी जडणारे नाते, चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याची संधी आणि उत्पन्न असल्यास तेही, दुसऱ्याच्या वाट्याला जाते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ५७ मध्ये याच जातीचा विचार दिसतो: लेखकाने प्रताधिकार, म्हणजे प्रती काढण्याचा व त्या प्रसिद्ध करण्याचा अनन्य हक्क, विकून टाकला तरी कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा त्याचा विशेष हक्क उरतो. कलम १४ तर इलेक्ट्रॉनिक साधनाने मजकूर साठवणे हेही प्रत काढण्यातच गणते, त्यामुळे प्रसिद्धीच्या आधीच, यंत्राने मजकूर उचलून साठवला की, प्रश्न सुरू होतो.

दुसरी अडचण चित्ताची आहे. यंत्राला लोभ नाही हे खरे. पण यंत्र आपण होऊन सुरूही होत नाही. अट्ठकथा प्रयत्नाचे सहा प्रकार मानतात: स्वतःच्या हाताने केलेला, दुसऱ्याला आज्ञा देऊन करवलेला, दूर फेकून किंवा सोडून दिलेल्या साधनाने झालेला, ‘थावर’, म्हणजे एकदा रचून कायम ठेवलेल्या साधनाने होणारा, आणि मंत्रविद्येने व ऋद्धीने घडणारा. थावर प्रयोगाचे उदाहरण हिंसेच्या संदर्भात खणून ठेवलेल्या खड्ड्याचे दिले जाते; त्यात पुढे कोण पडेल हे खणणाऱ्याला ठाऊक नसते, पडतेवेळी तो जवळही नसतो, तरी कर्म त्याचेच मानले जाते. रोज ठरावीक वेळी इतरांचे लेख उचलणारी आज्ञावली हे अदिन्नादानाचे थावर साधन होय. तिने आज कोणाचा लेख घेतला हे मालकाला माहीत नसेल. परंतु न विचारता घेत राहावे हा संकल्प त्याने एकदाच आणि पूर्ण जाणिवेने केलेला असतो, आणि म्हणून दर वेळी नव्याने विचार न करणे हे त्याच्या निर्दोषतेचे लक्षण न राहता त्या संकल्पाचाच भाग ठरते.

कायदाही चित्ताची दखल वेगवेगळ्या पायऱ्यांवर घेतो. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ६३ खालील शिक्षा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनालाच आहे. कलम ५५ प्रमाणे अनभिज्ञ उल्लंघकाकडून मनाई हुकूम आणि नफ्यातील न्याय्य हिस्सा यापलीकडे काही मागता येत नाही. दुवे पुरवण्यासाठी होणारी क्षणिक किंवा आनुषंगिक साठवण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये काही अटींवर मुभेस पात्र ठरवली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे इतरांची माहिती केवळ वाहून नेणाऱ्याला किंवा साठवणाऱ्याला, संरक्षण देते. मात्र ज्याने मजकूर स्वतः निवडून मांडला, त्याला आपण निव्वळ वाहक आहोत असे म्हणणे कठीण आहे.

यावर तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप धर्मविचारातूनच येतो. बौद्ध परंपरा धम्मदानाला सर्व दानांत श्रेष्ठ मानते, ग्रंथांच्या प्रती करणे हे तिथे पुण्यकर्म आहे. मग सर्वांसाठी खुले ठेवलेले लेखन हे दिलेलेच नव्हे काय? याचे उत्तर असे की, दान सर्वांना असले तरी ते कशासाठी आहे हे दाताच ठरवतो. वाचण्यासाठी खुले केलेले लेखन वाचण्यासाठी दिलेले असते. ते आपल्या नावाने किंवा आपल्या उत्पन्नासाठी पुन्हा मांडण्याची संमती त्यात आपोआप सामावलेली नसते. प्रताधिकाराची मुदत संपल्यावर चित्र बदलते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची साठ वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली, तर त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची मुदत कलम २४ नुसार प्रकाशनापासून मोजावी लागते आणि ती २०१७ अखेर संपली. अशा ग्रंथांच्या प्रती काढणे आता कायद्याने न दिलेले घेणे राहिलेले नाही; तथापि त्यांतील परिच्छेद तोडून, संदर्भ गाळून किंवा मजकूर बदलून मूळ नावाखाली पसरवणे हा असत्याचा दोष आहे, आणि त्याचा विचार दुसऱ्या शीलाखाली नव्हे तर असत्य भाषण वर्ज्य करणाऱ्या चौथ्या शीलाखाली करावा लागतो.

यातून नामोल्लेखाविषयीचा एक रूढ समज तपासता येतो. खाली मूळ लेखकाचे नाव दिले की घेण्याचा दोष फिटतो, असे पुष्कळांना वाटते. पवनीच्या कठड्यावरील नावे मात्र दानामुळे कोरली गेली. नाव कोरल्यामुळे दान घडले, असा क्रम तेथे नाही. ज्याने दगड दिलाच नाही त्याचे नाव दाता म्हणून कोरणे हा त्याचा सन्मान नसून त्याच्या नावे केलेली खोटी नोंद होईल. त्याचप्रमाणे संमतीवाचून उचललेल्या लेखाखाली लेखकाचे नाव घालणे हे कुसावहाराचा दोष टाळते. परंतु लेखकाने हा मजकूर येथे दिला आहे असा आभास निर्माण करून न दिलेल्याला दिलेल्याचे रूप देते. म्हणून यंत्राद्वारे पुनःप्रकाशन करणाऱ्याने आधी मागितले पाहिजे, मिळाल्यावर नाव दिले पाहिजे आणि दात्याने परत मागितल्यास मजकूर काढला पाहिजे. मागण्याची पायरी यंत्राच्या वेगाला गैरसोयीची वाटली, तर थांबवायचे ते यंत्र होय, शील नव्हे.