सापाला दोरी समजू नये



वारकरी सज्जनहो, आळंदीस इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण पाहिला आहे. तो पाहून पाणी नुसते डोळ्यांस लावून मागे फिरणारे आपणच. आणि वाटेवर कोणाच्या बोअरचे नितळ, गार पाणी मिळाले की तांब्या रिकामा करूनच खाली ठेवणारेही आपणच. भय कोठे धरावे, हे डोळ्यांनीच ठरवावे काय?

वेदान्तात दोरीवर साप भासल्याचा दृष्टांत आहे. आपली चूक पुष्कळदा उलटी असते. सापाला दोरी समजून आपण उशाशी घेतो. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते खडकातून पाण्यात उतरते. रंग नाही, वास नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. पाणी उकळूनही ते जात नाही. चुलीचा धूरही तसाच. तो ओळखीचा, म्हणून त्याचे भय नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली.

कोणी म्हणेल, "महाराज, ज्याचा भार विठ्ठलावर, त्याने पाण्याची परीक्षा कशाला करावी? ही तर अश्रद्धा." हा पूर्वपक्ष एके काळी माझाच होता. परभणीकडून निघालेल्या आमच्या दिंडीत एक मुलगा टँकरच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकी. नामापुढे औषध कशाला, असे मी कीर्तनात बोललो. लोक हसले, मुलाने मान खाली घातली, थेंब बंद झाले. चौथ्या दिवशी तिघे जुलाबांनी आडवे झाले. त्यातल्या गंगाखेडकडच्या एका म्हाताऱ्या माऊलीला अर्ध्या वाटेवरून घरी न्यावे लागले. त्या वर्षी तिची वारी चुकली. पाण्यानेच झाले, असे मी शपथेवर सांगणार नाही. पण जे मला ठाऊक नव्हते ते मी नारदाच्या गादीवरून बोललो, आणि गादीचा मान म्हणून लोकांनी ते मानले. तो दोष माझा.

प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे आपण मानतो. डोळ्यांना दिसत नाही तेथे आप्तवाक्य घ्यावे. पण आप्त म्हणजे त्या विषयाचा जाणता. आत्मज्ञानात संत आप्त. पाण्यात काय विरघळले आहे हे सांगायला पाणी तपासणारा आप्त. एकाचे वचन दुसऱ्याच्या जागी लावणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. तीर्थ पवित्र आहेच. ते पिण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न निराळा.

म्हणून माऊली, एवढे करा. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कोणते ते विचारा. आणि दिंडीच्या टँकरजवळ थेंब टाकणारे पोर दिसले तर त्याच्या पाया पडा. वारीत पाया पडताना आपण वय पाहत नाही. माझे तेवढे राहून गेले आहे.