धूळपाटीवरची रेघ

"सर, ही रेघ खोटी म्हणता, मग हिच्या भरवशावर औषध कसं द्यायचं?"

शिरपूरकडची एक विद्यार्थिनी विचारत होती. धुळ्यातल्या आमच्या मेडिसिन वॉर्डात साक्रीकडच्या एका आबांच्या छातीवर तिनं सोनोग्राफीचा प्रोब धरला होता. आबांना रात्रभर आडवं होता आलं नव्हतं. "दम लागस," एवढंच ते अहिराणीत सांगत होते. हा दमा, की हृदय थकल्यामुळे फुफ्फुसात साठलेलं पाणी? दोन्हींत छाती वाजते, दोन्हींत माणूस उठून बसतो. उपचार मात्र वेगळे.

पडद्यावर फुफ्फुसाच्या आवरणाची पांढरी रेषा श्वासाबरोबर सरकत होती आणि तिच्यापासून तळापर्यंत चार-पाच उभ्या रेघा उतरल्या होत्या. त्यांना बी-लाइन म्हणतात. दोन फासळ्यांमधल्या एका फटीत तीन किंवा अधिक, आणि छातीच्या दोन्ही बाजूंना दिसल्या, की पाण्याचा संशय बळावतो. पण छाती उघडली तर अशी रेघ कुठेच सापडणार नाही. आवाज सरळ गेला आणि सरळ परतला असं यंत्र धरून चालतं. सेकंदाला 1540 मीटर या हिशेबानं, परतायला लागलेल्या वेळातून खोली काढतं. हवा आणि पाणी शेजारी आले की आवाज तिथेच अडकून घुमतो, विहिरीत मारलेल्या हाकेसारखा. उशिरा आलेला प्रत्येक पडसाद यंत्र आणखी खोलवर काढत जातं. हवेनं भरलेलं फुफ्फुस म्हणजे सोनोग्राफीचा प्रांतच नव्हे, असं म्हणूनच दीर्घकाळ मानलं गेलं. फ्रान्सच्या डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी 1990 च्या दशकात हे भासच वाचायला घेतले.

तिच्या प्रश्नानं मला अमळनेर आठवलं, माझं आजोळ. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वचिंतक या कापसाच्या गावी येऊन राहिला. आजोबा काही पंडित नव्हते, पण ती हवा त्यांना लागलेली होती. धूळपाटीवर बोटानं 'अ' काढून ते मला विचारायचे, "हा 'अ' आहे का?" मी हो म्हणायचो. ते पाटी हलवून रेघ पुसायचे आणि म्हणायचे, "मग आता 'अ' मेला का?" 'अ' हा ध्वनी. रेघ ध्वनी नव्हे, तरी रेघेवरून ध्वनी कळतो.

हा दाखला त्यांचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्यांपुढे प्रश्न येतो: जग मिथ्या, तर शास्त्रही मिथ्याच, मग त्यातून सत्य कसं कळणार? आचार्य स्वप्नाचा दाखला देतात आणि या रेघांच्या अक्षरांचा. त्या मुलीला मी तेच सांगितलं. फरक इतकाच, की आपल्या पडद्यावर ध्वनीचीच रेघ झालेली आहे. ती भास आहे हे ठाऊक असेल, तो कसा उपजतो हेही ठाऊक असेल, तरच ती वाचता येते. न्यूमोनियातही ती दिसते, फुफ्फुस घट्ट होत जाणाऱ्या आजारातही. तिला पाण्याची धारच समजून बसणारा विद्यार्थी एक दिवस फसतो.

इथवर मी निःशंक आहे. पुढची गोष्ट मला छळते. याच यंत्रानं गर्भाचं लिंग अनेकदा बरोबर दाखवलं. तिथे भास नव्हता, रेघ खरी होती. आणि त्या खऱ्या चित्रामागोमाग आमच्या खानदेशात काय घडलं? 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 842 मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्येच केला होता, 1994 मध्ये देशाचाही आला. खोट्या रेघेनं एखाद्या आबांचा जीव वाचतो आणि खऱ्या चित्रानं कुणाच्या जन्माचीच वाट बंद होते, तर ज्ञानाचं खरेपण नुसतं चित्रात असतं असं मी कसं शिकवू? बघणाऱ्याला काय हवं आहे, हे ज्ञानाच्या आत मोजायचं की बाहेर? आजोबा असते तर त्यांना विचारलं असतं.

पाणी उतरवणारं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उशीला टेकून चहा पीत होते. मुलीनं पुन्हा प्रोब ठेवला. कालच्या फटीत आज एकच रेघ होती. आजी पायथ्याशी बसल्या होत्या, शेजारी पोटुशी सून. आजींनी हळूच म्हटलं, "ताई, हिचंबी एकदा दखी ल्या ना."

सुनेनं मान खाली घातली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही आजी," एवढंच ती म्हणाली. मग पडदा त्यांच्याकडे वळवून ती त्यांना आबांच्या छातीतली ती एक रेघ बोटानं दाखवू लागली.