दारावरचे नाव

दिवाळीच्या फराळाचा डबा परदेशी धाडायचा म्हणजे घरात केवढी धांदल उडते, हे ज्यांची मुले शिकायला दूर गेली आहेत त्यांना सांगायला नको. यंदा आमच्या घरचा डबा जर्मनीतल्या आखेन गावी गेला. माझी पुतणी तिथे शिकते. पत्ता लिहायला मी बसलो, तेव्हा तिने फोनवर बजावले, “काका, पेटीवर माझं नाव आहे तस्संच लिहा हं, अक्षर न् अक्षर. पेटीवरचं नाव जुळलं नाही तर डबा परत यायचा!”

त्या पेटीवर नाव लागण्यापूर्वी पोरीने काय काय सोसले, ते मला ठाऊक आहे. गेली तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती. यादीत नंबर लावून ती एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर निजत असे. त्या देशात नव्या घरात राहायला गेले की दोन आठवड्यांच्या आत गावच्या कचेरीत नोंद करावी लागते, आणि ‘ही व्यक्ती माझ्या घरात राहते’ अशी घर देणाऱ्याची लेखी ग्वाही त्यासाठी लागते. म्हणजे माणूस तिथे आहे, हे दुसऱ्या कोणीतरी म्हटल्याशिवाय खरे ठरत नाही! मला आधी याचे हसू आले. मागून वाटले, यात हसण्यासारखे काही नाही.

अखेर खोली मिळाली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. स्वयंपाकघर सर्वांत मिळून एक. शीतकपाटाचा एक कप्पा आपला, ओटा पुसण्याची पाळी ठरलेली, कचरा चार ठिकाणी निवडून टाकायचा, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. पहिल्याच आठवड्यात हिने हिंग-मोहरीची फोडणी केली आणि शेजारच्या खोलीतली मुलगी नाकाला रुमाल लावून बाहेर आली. त्या मुलीला पुढे हिंग आवडू लागला, अशी गोड गोष्ट मी सांगणार नाही. तिला तो अजूनही आवडत नाही. पण दोघींनी मिळून ठरवले: फोडणीच्या वेळी खिडकी उघडायची, दार लावायचे. एकीने हिंग सोडला नाही, दुसरीने खोली सोडली नाही. ‘बस्तान बसणे’ म्हणतात ते बहुधा हेच असावे.

हे ऐकून मला एक जुनी हकिगत आठवली. जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रथम ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण रुचेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहू लागले. ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ साली तेच आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. त्या दिवशी एका बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. खोलीत सोबती होता तोही पारशी, आणि खोलीतून काढणारेही पारशीच! तेव्हा दोष एखाद्या जमातीत शोधू नये. दार उघडणारा हात आणि लावणारा हात कोणत्याही घरात असतो.

आमच्याही घरात आहे. काही वर्षांपूर्वी आमची वरची खोली रिकामी होती. एक मुलगा विचारायला आला. परगावचा, कॉलेजात शिकणारा, नम्र. मी त्याचे आडनाव विचारले. मग काय खातो ते विचारले. मग म्हणालो, “खोली कालच गेली हो.” खोली पुढे दोन महिने रिकामीच होती. तो जिना उतरून गेला त्या पावलांचा आवाज मला, पुतणी मैत्रिणीकडे जमिनीवर निजत होती त्या दिवसांत, पुन्हा ऐकू येऊ लागला.

कोणी म्हणेल, घर माझे, कोणाला द्यायचे हे मी ठरवीन. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. घराला नियम हवेतच. त्या परक्या वसतिगृहात ते आपल्याहून कडक आहेत. पण नियम दोन जातींचे असतात. रात्री दहानंतर गलका नको, ओटा पुसून ठेव, भाडे वेळेवर दे – हे नियम कोणालाही पाळता येतात. पाळले नाहीत तर दोष पाळणाऱ्याचा. पण तुझे आडनाव अमुक नको, हा नियम कोणी आणि कसा पाळावा? तो पाळायचा तर माणसाला खोटे नावच सांगावे लागते. आणि मग, खोटे बोलला म्हणून आपण त्यालाच हाकलतो. राहता राहिले ताटातले अन्न. माझ्या पुतणीचा हिंग शेजारणीने सोसावा असे मला मनापासून वाटते. मग दुसऱ्याच्या बंद दारामागच्या भांड्यात काय शिजते, याची चौकशी मी कोणत्या तोंडाने करावी?

वरची खोली या महिन्यात पुन्हा रिकामी झाली आहे. मी एवढेच ठरवले आहे की येणाऱ्याला आडनाव विचारायचे ते सगळे ठरल्यावर, पत्रपेटीवर लिहिण्यापुरते. घरात अजून यावर एकमत नाही. वाद चालू आहे, आणि चालू राहील.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पणत्या लावून दार उघडे ठेवतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्या दाराशी कोण येऊन परत जाते, याचा हिशेबही त्याच दिवशी चोपडीत लिहायला हवा.