राज्य मिळवणे आणि राखणे : आज्ञापत्रातील वतनदार

राज्य जिंकणे आणि ते टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा विचार युरोपात निकोलो मॅकियाव्हेलीने ठामपणे मांडला. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकातले त्याचे पद १५१२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्याने ‘द प्रिन्स’ लिहिले. ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर, १५३२ मध्ये. त्यातले एक निरीक्षण मराठी वाचकाला फार ओळखीचे वाटावे. ज्या राज्यात वंशपरंपरेने सत्ता भोगणारे सरदार असतात, ते जिंकायला सोपे, कारण नाराज सरदार शत्रूला वाट करून देतात. पण राखायला अवघड, कारण तेच सरदार उद्या नव्या धन्यावरही उलटतात. मॅकियाव्हेलीपुढे उदाहरण होते फ्रान्सचे.

महाराष्ट्रात या सरदारांच्या जागी वतनदार होते. त्यांच्याविषयीचे सर्वांत स्पष्ट विवेचन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने ते १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. पंत शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत होते; राजाराम महाराज जिंजीला असताना इकडच्या राज्याची धुरा त्यांनीच सांभाळली. १६८९ मध्ये रायगड पडला, तरी औरंगजेबाला मुलूख पचला नाही. त्या काळात देशमुखांसारखे वतनदार कधी मोगलांकडे, कधी स्वराज्याकडे जात होते, आणि त्यांना धरून ठेवायला वतनांची आश्वासने द्यावी लागत होती. पंतांचा विचार या अनुभवातून आलेला आहे, म्हणूनच त्याला वजन आहे.

पंतांच्या मते वतनदार हे नावाला प्रजा. प्रत्यक्षात ते राज्यातले वाटेकरीच. बलाढ्य शत्रू येताच ते आपले वतन वाचवायला आधी जाऊन भेटतात. तरीही त्यांना उखडून टाकावे, असे पंत म्हणत नाहीत. स्नेह आणि दंड दोन्ही ठेवून त्यांना हाताशी धरावे, त्यांना गढ्या-कोट बांधू देऊ नयेत आणि राज्याच्या जमिनीतून नवी इनामे वाटू नयेत, हा त्यांचा सल्ला. स्वतः पंतांच्या घराण्याकडे मात्र बावड्याची जहागीर राहिली. वतनाची ओढ किती खोल होती, हे यावरून कळते.

किल्ल्यांबाबत दोघे वेगळे पडतात. प्रजेचा द्वेष ओढवलेल्या राजाला किल्ला वाचवत नाही, असे मॅकियाव्हेली सांगतो. पंतांना दुर्ग हेच राज्याचे सार वाटते. पण प्रजेचे मोल तेही जाणतात: आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे.

वतनदारांना सांभाळण्याचा हा पेच वऱ्हाडातही दीर्घकाळ राहिला. इथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. वसूल दोघांत वाटला जाई आणि देशमुख-देशपांड्यांना दोन्ही सरकारांशी जमवून घ्यावे लागे. अडगाव आणि गाविलगडला इंग्रजांकडून भोसल्यांचा पराभव झाल्यानंतर १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख निजामाकडे गेला, १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. नंतर रयतवारी पद्धत लागू होऊन सरकारने शेतकऱ्याशी थेट संबंध जोडला. देशमुखांचा वसुलीतला अधिकार संपला, गावचा पाटील मात्र राहिला.