ही भूक कुणाची?

आजचे श्लोक: गीता, अध्याय 6, श्लोक 16 आणि 17.

फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. मग किती खायचं? आकडा कुठेच दिलेला नाही.

माउंटन बाईकवर दोन तास चढ मारला की चार पोळ्या योग्यच. स्नायूंमधलं ग्लायकोजेन खर्च झालेलं असतं, ते भरायलाच हवं. खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सायकल भिंतीला टेकलेली, आपण लॅपटॉपसमोर, आणि भूक मात्र कालचीच! त्यातली काही शरीराची असते. बाकीची 'काल कमावलंय ना' म्हणणाऱ्या मनाची. ती वरणभातावर भागत नाही, तिला वडापावच लागतो. मी तरी तिला यावरूनच ओळखतो.

उलटं टोकही आहेच. निर्जळी एकादशीला घाट चढायचा आणि फोटो टाकायचा, हा मला उपवास वाटत नाही. पोट रिकामं राहतं, अहंकार मात्र भरपेट जेवतो.

आणि 17व्या श्लोकात आहाराबरोबर झोपही आहे बरं का. झोप कमी झाली की भूक वाढते. आज साडेदहाला मोबाईल बाजूला ठेवून बघूया?